सेल-मॉलिक्युलर बायोलॉजीत पीएचडी : प्राध्यापकांचे संशोधनविषय वाचायचे कसे?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. आजवर नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. सांगलीत एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे सेल आणि मॉलिक्युलर बायोलॉजीत पीएचडी करायची हे नक्की. देशातल्या संस्था आणि अमेरिकेतले एकदोन प्रोग्रॅम, दोन्हीकडे बघतेय.
घोडं अडलंय ते प्राध्यापकांच्या यादीपाशी. एकेका विभागात चाळीस-पन्नास नावं, प्रत्येकाखाली तीन-चार ओळी. पेशीविभाजनाचं नियमन, प्रथिनांची वाहतूक, कर्करोगातले संकेतमार्ग, आरएनएचं हे आणि क्रोमॅटिनचं ते. वाचताना सगळंच भारी वाटतं आणि दहाव्या नावापर्यंत सगळं एकसारखंच वाटायला लागतं. घरी कॅन्सर म्हटलं की लगेच कळतं, म्हणून तिकडं ओढा आहे. पप्पांची तासगावकडं द्राक्षबाग आहे, त्यांचं म्हणणं डाऊनी या द्राक्षाच्या रोगावर काहीतरी कर. कॉलेजात विचारलं तर "आधी नेटची परीक्षा काढ, मग विषय" एवढंच उत्तर मिळालं.
ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा ना, त्या तीन ओळींतून नेमकं काय वाचायचं?

भडंगवाला
कॉलेजातलं उत्तर अगदीच चूक नाही हो. आधी नेट काढाच. पण धागा चांगला आहे, वाचनखूण साठवली.

यीस्टवाला
मूळचा वाईचा, सध्या परदेशात पोस्टडॉक. जरा लांबण लागेल.
ताई, त्या ओळींतली रोगांची नावं आधी बोटानं झाका. कॅन्सर, अल्झायमर, मधुमेह हे बऱ्याचदा पैसे देणाऱ्या संस्थेसाठी लिहिलेलं असतं. उरलेलं वाक्य वाचून तीन गोष्टी हुडका: कुठला जीव वापरतात, प्रश्न काय आहे, आणि रोज हातानं काय करावं लागतं. तुमची पाच-सहा वर्षं या तिघांवर जाणार आहेत.
एक उदाहरण देतो. पेशीनं दोन व्हायचं कधी, हे ती ठरवते कशी? लेलँड हार्टवेल हा प्रश्न पावाच्या यीस्टला विचारत होते, पॉल नर्स मधोमध दुभंगणाऱ्या दुसऱ्या जातीच्या यीस्टला, आणि टिम हंट समुद्री अर्चिनच्या अंड्यांना. तिघांना मिळून २००१ चं नोबेल. १९८७ मध्ये नर्स यांच्या लॅबनं तर कमालच केली. विभाजन अडलेल्या यीस्टमध्ये माणसाचे जनुक घातले आणि त्यातल्या एकानं यीस्ट पुन्हा विभागायला लागलं! यीस्ट आणि माणूस वेगळे होऊन शंभर कोटींच्या आसपास वर्षं झाली असतील, तरी तो पुर्जा अदलाबदल करता येतो. आज स्तनाच्या कर्करोगात पाल्बोसिक्लिब हे औषध देतात, ते याच कुटुंबातली प्रथिनं अडवतं. योशिनोरी ओसुमींची ऑटोफॅगी, म्हणजे पेशीनं स्वतःचेच भाग पचवणं, तीसुद्धा अशीच. यीस्टला उपाशी ठेवलं आणि त्याच्या व्हॅक्युओलमध्ये (पेशीतल्या पचनाच्या पिशवीत) काय साठतं ते सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसले. २०१६ चं नोबेल.
म्हणून 'आम्ही यीस्ट वापरतो' दिसलं की पान उलटू नका.
आता प्रत्यक्ष कृती. त्या पानावर फार विसंबू नका, कित्येक पानं वर्षानुवर्षं बदललेली नसतात. पबमेड या शोधनिबंधांच्या मोफत संकेतस्थळावर नाव टाकून गेल्या चार-पाच वर्षांतले पेपर काढा. आपल्या क्षेत्रात शेवटचं नाव लॅबप्रमुखाचं आणि पहिलं नाव ज्यानं राबून काम केलं त्याचं. मजकूर समजला नाही तरी चालेल, आकृत्या बघा. सगळ्या आकृत्या चमकणाऱ्या पेशींच्या असतील तर तुमचा मुक्काम मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत. पानोपानी काळ्या पट्ट्या असतील तर वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिनं ओळखण्याची चाचणी. नुसते रंगीत ठिपक्यांचे पुंजके असतील तर सिंगल सेल सिक्वेन्सिंग (एकेका पेशीतले जनुकीय संदेश वाचणं), म्हणजे दिवसाचा बराच वेळ कोडिंग. यातलं काय करायला तुम्हाला कंटाळा येणार नाही, ते तुम्हालाच ठाऊक.

चिलटंवाली
यीस्टवाला यांना +१. मी साताऱ्याची, पीएचडी फळमाशीवर चालू आहे. म्हणजे पिकलेल्या केळ्यावर घोंगावतात ना, ती चिलटं. आमच्या आजीला अजून वाटतं की मी ती मारण्याचं औषध शोधतेय.
रोजचं काम काय असतं हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. आमच्या लॅबच्या पानावर लिहिलंय, 'ऊतींच्या वाढीचं जनुकीय नियंत्रण'. ऐकायला झकास. प्रत्यक्षात सकाळी आल्या आल्या कुमारी माश्या वेचायच्या. मादी कोशातून बाहेर पडली की पहिले आठेक तास नराला जवळ येऊ देत नाही, तेवढ्यात तिला वेगळी काढली नाही तर तुमचा संकर वाया. मग बाटलीत कार्बन डायऑक्साइड सोडून सगळ्यांना झोपवायचं, पांढऱ्या पॅडवर ओतायचं आणि बारीक ब्रशनं एकेक सरकवत बघायचं. नुकत्याच निघालेलीचं अंग फिकट असतं आणि पोटात एक गडद ठिपका दिसतो. तो दिसला की ही डाव्या बाजूला, नाही दिसला की उजव्या. संध्याकाळी परत तेच. दिवाळीत सुट्टी घ्यायची तर आधी कुणालातरी पटवावं लागतं, कारण माश्यांना पाडवा-भाऊबीज काही कळत नाही.
मला हे आवडतं, म्हणून टिकले. बरोबरची एक मुलगी याच कामाला वैतागून गेली आणि आता कॉम्प्युटेशनल लॅबमध्ये मजेत आहे. दोघींनी पान एकच वाचलं होतं.
वेळेचंही गणित बघा. माशीची पिढी २५ अंश तापमानाला साधारण १० दिवसांत. यीस्ट दीड-दोन तासांत दुप्पट. अरॅबिडॉप्सिस हे प्रयोगशाळेतलं छोटं रोप, बी ते बी सहा ते आठ आठवडे. उंदराची गर्भावस्थाच तीन आठवड्यांची, वर पिल्लू वयात यायला सहा-आठ आठवडे, आणि प्रत्येक प्रयोगाला प्राणी आचारसंहिता समितीची मंजुरी. उंदराच्या लॅबमधला पेपर लवकर का येत नाही, ते इथं कळतं.

द्राक्षबाग_मणेराजुरी
मी शिकलेला बारावी. पण धागा वाचतोय. ताई, तुमचे वडील बरोबर बोलतात. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की आमची झोप उडते. पानावर तेलकट डाग, पान उलटं केलं की खाली पांढरं. दुकानदार दर हंगामात औषध बदलून देतो, म्हणतो जुनं आता चालत नाही. का चालत नाही म्हटलं की 'रेझिस्टन्स'. तुमच्या त्या सेल बायोलॉजीवाल्यांपैकी ह्यावर कोण बसलंय का? का सगळे चिलटंच मोजतात?

चिलटंवाली
काका, 😀 मान्य.

पानदेठ
काका, तुमचा प्रश्न अस्सल मॉलिक्युलर बायोलॉजीचा आहे. माझं काम वनस्पती आणि रोगकारकांच्या झटापटीवरच आहे, तेव्हा याचं उत्तर सविस्तर देतो.
डाऊनी ही खरी बुरशी नाहीच. दिसते बुरशीसारखी, पण ती ऊमायसीट गटातली. तिचे जवळचे भाऊबंद म्हणजे समुद्रातली तपकिरी शेवाळं. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, हिच्या भित्तिकेत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकन. म्हणूनच भुरी या खऱ्या बुरशीवर चालणारी कित्येक औषधं डाऊनीला गुदगुल्यासुद्धा करत नाहीत. हिचे बीजाणू दोन शेपट्यांनी पाण्यात पोहतात आणि पानाखालच्या पर्णरंध्रांतून आत शिरतात. पानावर पाण्याचा पातळ थर राहिला की त्यांचं फावतं, तुमची झोप उडते ती त्यामुळं.
आता रेझिस्टन्स. स्ट्रोबिल्युरिन गटातली औषधं रोगकारकाच्या मायटोकॉन्ड्रियातल्या सायटोक्रोम बी या प्रथिनाला चिकटून त्याची ऊर्जा तोडतात. त्या प्रथिनात १४३ व्या जागी ग्लायसीनऐवजी अ‍ॅलनीन आलं की संपलं, औषध तिथं बसतच नाही. शेकडो अमिनो आम्लांपैकी एक बदललं आणि फवारणी पाण्यात. दुसरा गट डायमेथोमॉर्फ, मँडीप्रोपॅमिड यांचा. हे सेल्युलोज बनवणाऱ्या एन्झाइमवर बसतात. तिथं ११०५ व्या जागी ग्लायसीन गेलं की प्रतिकार येतो. पण यात एक गंमत आहे. हा प्रतिकार अप्रभावी आहे, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बदलल्या तरच दिसतो. सायटोक्रोमचा जनुक मायटोकॉन्ड्रियातला, तिथं ही अडचण नाही. त्यामुळं पहिल्या गटातला प्रतिकार झपाट्यानं पसरतो, दुसऱ्यातला त्या मानानं सावकाश. एकाच गटाचं औषध पाठोपाठ मारू नका असं सांगतात ते यासाठी. नाव बदललं पण गट तोच राहिला, तर बदलून काही उपयोग नाही. डब्यावर गटाचा क्रमांक असेल तर तो बघा.
तिसरी बाजू वेलीची. रोगकारक पानाच्या पेशीत प्रथिनं (त्यांना इफेक्टर म्हणतात) सोडतो आणि तिची संरक्षणव्यवस्था बंद पाडतो. काही रानटी वेलींकडे ही घुसखोरी ओळखणारे जनुक आहेत. मस्कॅडाईन द्राक्षातला आरपीव्ही-वन हा त्यातला एक. तो पेशीच्या आत पहारा देतो आणि घुसखोर दिसला की ती पेशी स्वतः मरून वाट बंद करते. आपलं थॉम्पसन काय, तास-ए-गणेश काय, युरोपीय वंशाचं, त्याच्याकडे हा पहारेकरी नाही. डाऊनी मूळची उत्तर अमेरिकेतली, फ्रान्समध्ये १८७८ ला सापडली. युरोपच्या वेलीनं तोवर ती पाहिलेलीच नव्हती. १८८५ मध्ये मिलार्देनं मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण पुढं आणलं, तेच आपलं बोर्डो. दीडशे वर्षं होत आली तरी ते अजून चालतं, कारण तांबं एकाच प्रथिनावर न बसता अनेक ठिकाणी घाव घालतं.
कृष्णाकाठची, या विषयात यायचं तर एक अडचण आधीच ऐकून ठेवा. डाऊनी प्लेटवर वाढत नाही. तिला जिवंत पानच लागतं. म्हणजे वर्षभर ग्रीनहाऊसमध्ये वेली जोपासा, पानं तोडा, अगारवर उलटी ठेवा, बीजाणू सोडा आणि आठवड्यानं नव्या पानांवर हलवा. एक पान सडलं की तुमचा नमुना गेला. म्हणून पुष्कळ लॅब ऊमायसीटचे मूलभूत प्रश्न अरॅबिडॉप्सिसवरच्या डाऊनीत किंवा बटाट्याच्या करप्यात सोडवतात. प्राध्यापकाच्या पानावर 'द्राक्ष' शब्द शोधून पुरणार नाही. 'ऊमायसीट', 'इफेक्टर', 'वनस्पतींची जन्मजात प्रतिकारशक्ती' हे शोधा. प्रत्यक्ष बागेच्या जवळचं काम बघायचं असेल तर पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहेच.

द्राक्षबाग_मणेराजुरी
आयला. गट क्रमांकाचं एवढ्या वर्षांत कुणी फोड करून सांगितलं नव्हतं. उद्या दुकानात जाऊन डबे बघतो.

शंकेखोर
विषय निघालाच आहे तर हळदीचंही बोलून घेऊ. सांगलीत असल्यामुळं एमएस्सीच्या निम्म्या प्रोजेक्टांचं नाव 'हळदीच्या अर्काचा जंतुविरोधी परिणाम' असतं. मार्केट यार्डातून हळकुंडं आणायची, मेथॅनॉलमध्ये भिजवायची, प्लेटवर गोल भोकं पाडून त्यात थेंब सोडायचे आणि भोकाभोवतीचं कडं पट्टीनं मोजायचं. पीएचडीच्या मुलाखतीत हे सांगितलं की समोरचे एकमेकांकडं बघतात.
कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, त्यावर काम करणाऱ्या प्राध्यापकांची यादी बघताना सावध राहा. हा रेणू चाचण्यांना फसवण्यात पटाईत आहे. स्वतः चमकतो, त्यामुळं फ्लुरोसन्सच्या चाचणीत घोळ. अनेक प्रथिनांना उगाच चिकटतो, पाण्यात टिकत नाही, आणि खाल्ला तर रक्तात फारसा पोचत नाही. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रातल्या एका मोठ्या आढाव्यात त्याची चांगलीच झडती घेतलीय. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेतलं १९९५ चं पेटंट सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेनं लढून १९९७ ला रद्द करवलं याचा अभिमान मलाही आहे. पण ती लढाई जुन्या ज्ञानाच्या हक्काची होती, तेवढ्यानं कर्क्युमिन कॅन्सरवर चालतं असं ठरत नाही.
हळदीतला खरा गमतीचा प्रश्न वेगळाच आहे. तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच, त्यामुळं बी जवळपास धरतच नाही. सगळं पीक गड्ड्यांवर. मग नवी जात काढायची कशी? कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्रात जाऊन या एकदा, जवळच आहे.

मिरज_जंक्शन
एवढं सगळं ठीक, पण कॅन्सरवाल्यांना इतकं झोडपू नका बुवा. मी त्यातलीच. यीस्टवाला, तुमचं ते १९८७ चं काम झालं कुठं? लंडनच्या इम्पीरियल कॅन्सर रिसर्च फंडच्या प्रयोगशाळेत. कॅन्सरच्या नावानं आलेल्या पैशातूनच यीस्ट वाढलं की!
आणि रोग हे नेहमीच वरचं लेबल नसतं. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी शेजारीच रुग्णालय असतं. शस्त्रक्रियेतून निघालेला तुकडा त्याच दिवशी तुमच्या टेबलावर येऊ शकतो. त्या तुकड्यातले प्रश्न यीस्टमध्ये नाही सुटत. रोगप्रतिकारक पेशी गाठीत शिरतात की बाहेरच थांबतात, हे बघायला गाठच लागते.
सेल कल्चरचं रोजचं रूपही सांगते. पेशींच्या माध्यमात फिनॉल रेड असतं. ताजं असताना लालसर, पेशी फार वाढून आम्ल झालं की पिवळं. सोमवारी इनक्युबेटर उघडलं आणि फ्लास्क पिवळाधमक दिसला की समजायचं, रविवारी कुणीतरी यायला हवं होतं. गढूळ दिसला तर जंतू शिरलेत, सरळ ब्लीच. सगळ्यात वाईट मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू, तो दिसतच नाही. प्राध्यापकांशी बोलताना जरूर विचारा, 'मायकोप्लाझ्माची चाचणी किती वेळा होते? पेशीवाणांची ओळख पडताळता का?' दुसरंच नाव लावलेल्या पेशींवर वर्षानुवर्षं काम झाल्याची उदाहरणं या क्षेत्रात ढिगानं आहेत, आणि बऱ्याचदा त्या मुळात हेला पेशी (कर्करोगाच्या गाठीतून आलेला, भराभर वाढणारा जुना पेशीवाण) निघतात. या प्रश्नावर समोरचा चिडला तर तेही एक उत्तरच समजा.

यीस्टवाला
मिरज_जंक्शन, तो मुद्दा कबूल, फंडचं नाव घेऊन माझीच विकेट काढलीत. तरी एक भर घालतो. सी. एलेगन्स या कृमीच्या वाढीत नेमक्या १३१ पेशी ठरवून मरतात. त्या मरणाचे जनुक शोधले गेले, त्याला २००२ चं नोबेल. १९९२ मध्ये माणसाचं बीसीएल-टू, म्हणजे पेशीचं मरण अडवणारं जनुक, त्या कृमीत घातलं तर मरायच्या पेशी जगल्या. त्याच बीसीएल-टूला अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ पासून रक्ताच्या कर्करोगात वापरात आहे. कृमीवाला आणि गाठवाला, दोघं लागतात. फक्त आपण यातल्या कुठल्या टोकाला बसणार, हे ताईंनी आधी ठरवावं.

अजिंक्यतारा
विषयाचं झालं, आता व्यवहाराचं. मी एका विद्यापीठात शिकवतो.
यूजीसीच्या नियमानं प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगीला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ च पीएचडी विद्यार्थी घेता येतात. विषय कितीही जुळला तरी जागा रिकामी नसेल तर उपयोग शून्य. म्हणून मेलमध्ये पहिल्यांदा जागेचं विचारा. २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशालाही चालतात. जेआरएफला (सुरुवातीच्या संशोधन फेलोशिपला) जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि पुढं एसआरएफला (वरच्या टप्प्याच्या फेलोशिपला) ४२,०००, वर घरभाडं वेगळं. नुसत्या सीएसआयआर नेटवर बसू नका. डीबीटी, आयसीएमआर यांच्याही परीक्षा असतात, आणि टीआयएफआर-एनसीबीएसची स्वतःची. पात्र असाल तर सारथी, बार्टी, महाज्योतीच्या फेलोशिपही बघा.
अमेरिकेचं तंत्र वेगळं. तिथं प्रवेश बहुधा प्रोग्रॅमला मिळतो, गाइडला नव्हे. पहिल्या वर्षी साधारण तीन लॅबमध्ये प्रत्येकी आठ-दहा आठवडे फिरायचं, त्याला रोटेशन म्हणतात, मग दोघांच्या संमतीनं लॅब ठरते. त्यामुळं तिथं एकाच नावावर जीव टाकू नका. ज्यांच्याकडं जायला आवडेल अशी निदान चार नावं नसतील तर त्या प्रोग्रॅमला अर्जच करू नका. आणि एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं रिपोर्टर नावाचं मोफत संकेतस्थळ आहे, त्यावर कुणाच्या अनुदानाची मुदत कधी संपते ते दिसतं. प्राध्यापकाच्या पानापेक्षा ते जास्त खरं बोलतं.
राहता राहिलं लॅबमधलं वातावरण. ते कुठल्याच पानावर नसतं. लॅब सोडून गेलेल्यांना फोन करा. आत असलेले तोंडावर गोडच बोलणार. मी स्वतः विद्यार्थी असताना असल्या एका ठिकाणी होतो जिथं गाइड महिनोन्‌महिने भेटत नसत आणि सही मात्र त्यांचीच लागायची. नाव घेत नाही.

भडंगवाला
काय धागा झालाय! पु. ले. शु. सगळ्यांना.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे किती आभार मानू. दोन दिवस बसून बोटानं रोग झाकून परत सगळ्या याद्या वाचल्या. मोठ्या यादीतून सात नावं उरली. त्यातली चार यीस्ट आणि ऑटोफॅगीची, दोन ऊमायसीट-वनस्पतींची, आणि एक मिरज_जंक्शन ताईंच्या वाटेवरचं. पप्पांना पानदेठ यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, ते आता शेजाऱ्यांना ११०५ वी जागा समजावून सांगताहेत.
एक मेल लिहिलीय. बघता का?
"रिस्पेक्टेड सर, मी सांगलीत एमएस्सी करते. मला तुमच्या संशोधनात खूप रस आहे आणि मी अत्यंत कष्टाळू विद्यार्थिनी आहे. तुमच्या लॅबच्या अलीकडच्या पेपरात तिसऱ्या आकृतीत ऑटोफॅगीचे जनुक काढल्यावरही थोडं प्रथिन व्हॅक्युओलमध्ये पोचलेलं दिसतं. ते मल्टिव्हेसिक्युलर बॉडीच्या वाटेनं जात असेल का? ती वाट बंद करून कुणी बघितलंय का? पुढच्या वर्षी तुमच्याकडं पीएचडीची जागा रिकामी आहे का?"
कोणाला पाठवतेय ते यीस्टवाला यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय.

यीस्टवाला
व्यनि मिळाला. तिसऱ्या आकृतीचा प्रश्न उत्तम आहे, त्याला हात लावू नका. कष्टाळूचं वाक्य काढा, ते प्रत्येक मेलमध्ये असतं. जागेचा प्रश्न वर घ्या. आणि त्या प्राध्यापक बाई आहेत. 'सर' तेवढं बदला आणि आजच पाठवा.